डी अँड डी २०२४ : "ते माझं टॉपल आहे" - नियम लिहून ठेवल्याने खेळ वाढतो की आखडतो?

अर्धवट_मांत्रिक | सोमवार, रात्री ११:४८

लोकहो, काल रात्रीपासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून धागा काढतोय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचा ग्रुप दर रविवारी डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ खेळतो, कोथरूडात माझ्या घरी, डायनिंग टेबलवर, सात ते दहा. दहाच्या पुढे गेलं की खालच्या काकू बेल वाजवतात. इतकी वर्षं पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकांवर मजेत चाललं होतं, दोन महिन्यांपूर्वी सगळ्यांच्या आग्रहाखातर २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकवर आलो. मी डीएम (गोष्ट चालवणारा आणि शत्रू खेळणारा), पाच भिडू, सगळे पाचव्या लेव्हलला.

काल पुलावर दोन ओगर (धिप्पाड राक्षस) आणि चार गॉब्लिन, बास. चार राउंडला एक तास पन्नास मिनिटं लागली. आमच्या फायटरकडे मोल आहे, म्हणजे तो मोठा घण, आणि नव्या नियमात प्रत्येक शस्त्राला एक मास्टरी, म्हणजे खास करामत, असते तशी मोलला टॉपल. फटका लागला की समोरच्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करायचा, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकून डीसी हा ठरलेला आकडा गाठायचा, हुकला की आडवा. आता एका टर्नला दोन फटके, अ‍ॅक्शन सर्ज (जास्तीचा डाव) घेतला की चार. "लागला का? लागला. डॅमेज? बारा. सेव्ह कर. डीसी पंधरा. ओगरला अधिक तीन, फासा नऊ, बारा झाले, पडला. आता पुढच्या फटक्याला अ‍ॅडव्हान्टेज, दोन फासे टाक, मोठा घे." मग ओगर आपल्या टर्नला उठणार, हा परत पाडणार. शाळेतल्या उठाबशा.

पण वेळेचं सोडा. खरं दुखणं वेगळंय. आमच्यात एक नवीन मुलगी आलीय, पॅलाडिन (धर्मयोद्धा) खेळते, लाँगस्वोर्ड, त्याची मास्टरी सॅप, फटका लागला की शत्रूचा पुढचा हल्ला कच्चा. तिसऱ्या राउंडला ती म्हणाली, "मी ओगरचा पाय ओढून पाडू का?" आणि फायटर पटकन म्हणाला, "नाही नाही, ते माझं टॉपल आहे, तुझ्याकडे सॅप आहे." ती "अच्छा, मग हल्ला" म्हणाली आणि फासा टाकला. मी पण गप्प, कारण मी तेव्हा गॉब्लिनचे हिट पॉइंट खोडरबरने खोडत होतो.

रात्री भांडी घासताना लक्षात आलं की तिला पाडता आलं असतं! शव्ह, म्हणजे ढकलणं किंवा पाडणं, आहे की नियमात, आधीही होता, आताही आहे. मग माझा प्रश्न असा की एका गोष्टीला नाव देऊन ती एकाच्या कॅरेक्टर शीटवर छापली की बाकीच्यांना ती आपोआप बंद होते का? आधी "मी हे करू का" विचारायचे, आता शीटकडे बघतात, जसं हॉटेलात मेनूकार्ड. परत २०१४ वर जावं असं मला वाटायला लागलंय. बोला.

ढाल_तलवार | मंगळवार, सकाळी ८:०५

तो फायटर मीच. मास्तर, धागा काढण्याआधी फोन करायचा होतास 😄

एक, ते मी गमतीत म्हणालो. दोन, दहा वर्षं मी २०१४ चा फायटर खेळलो आणि माझा प्रत्येक टर्न काय होता? "मारतो. परत मारतो." तेवढ्यात विझार्ड फायरबॉल टाकणार, सहा बाजूंचे आठ फासे, पंधरा मिनिटं त्याचंच कौतुक, कोण कोण वर्तुळात आलं ते मोजा, आणि तेव्हा कोणी घड्याळ लावलं नाही. जादूगाराने वेळ घेतला तर रोमहर्षक आणि फायटरने घेतला तर उठाबशा, हा कुठला न्याय?

थॅको_आजोबा | मंगळवार, सकाळी १०:३२

आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं असं लिहायला घेतलं होतं आणि लिहिता लिहिता थांबलो, कारण ते खोटं ठरलं असतं.

मी नव्वदीत अमेरिकेत एमएस करताना सेकंड एडिशन खेळायला लागलो. १९८९ ची आवृत्ती. तेव्हा जेन कॉन हे खेळांचं संमेलन मिलवॉकीला भरायचं, तिथेही एकदा जाऊन आलोय, उधारीच्या गाडीतून, परत येताना टायर फुटला ते असो. लोकांना वाटतं जुन्या नियमात सगळं डीएमच्या मर्जीवर होतं. कुठलं काय! कुठल्या शस्त्राला इनिशिएटिव्हला (आधी कोण खेळणार त्या फाशाला) किती उशीर लागतो त्याचा स्पीड फॅक्टर होता, कुस्तीचा वेगळा तक्ता होता, आणि थॅको, म्हणजे आर्मर क्लास (बचावाचा आकडा) शून्य असलेल्याला मारायला लागणारा आकडा, तो तर होताच. माझा थॅको १७ आणि समोरच्याचा आर्मर क्लास ३, तर वजाबाकी करून १४ लागणार. आर्मर क्लास जितका कमी तितका चांगला, शून्याच्याही खाली जायचा. नवीन माणसाला हे समजावताना माझा एक मित्र रडकुंडीला आला होता. २००० साली थर्ड एडिशनने हे उलटं करून सरळ केलं, फासा अधिक बोनस, आकडा गाठला की लागला, त्याबद्दल त्यांना दुवाच दिला पाहिजे.

फरक इतकाच की ते तक्ते आम्ही बिनधास्त बाजूला ठेवायचो. स्पीड फॅक्टर मी आयुष्यात कधी मोजला नाही. पण तुमचं टॉपल शीटवर आहे, खेळाडूच्या हातात आहे. डीएमचा तक्ता डीएम गुपचूप विसरू शकतो, खेळाडूचा हक्क कसा विसरणार? मला वाटतं खरी मेख इथेय.

एडिसनकर | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

आजोबांना अनुमोदन. न्यू जर्सीहून टंकतोय, आमचा ग्रुप २०२३ च्या जानेवारीतल्या, नियम इतरांना वापरू देण्याच्या लायसन्सच्या राड्यानंतर पाथफाइंडर या दुसऱ्या कंपनीच्या खेळाच्या सेकंड एडिशनवर गेला तो परत आला नाही. त्या राड्यावर इथे बोलत नाही, धागा हायजॅक होईल. शेवटी डी अँड डीच्या कंपनीने पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले एवढं सांगून पुढे जातो.

मुद्दा असा की फायटरला काहीतरी करायला द्या ही मागणी जुनीच आहे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने ती पूर्ण केली होती, फायटरलाही विझार्डसारख्या पॉवर्स, काही हव्या तितक्यांदा, काही लढाईत एकदा, काही दिवसात एकदा. लोक म्हणाले हा व्हिडिओ गेम झाला. मग २०१४ ला त्यांनी ते सगळं माळ्यावर टाकलं, आणि आता २०२४ ला मास्टरी म्हणून मागच्या दाराने एकेक सामान परत खाली आणतायत. आणताना किंमत लावायला विसरले. पाथफाइंडरमध्ये समोरच्याला पाडायचं तर ती तुझ्या तीन अ‍ॅक्शनपैकी एक, त्यात तो हल्लाच धरतात म्हणून पुढच्या हल्ल्याला वजा पाच, आणि फारच वाईट हुकलं तर तूच तोंडावर आपटतोस. म्हणजे तिथे पाडायचं का मारायचं हे ठरवावं लागतं. टॉपलला काय ठरवायचंय? मारलं की पाडायची संधी फुकटच. त्यात निवड कुठेय?

सुमी_सांख्यिकी | मंगळवार, रात्री ९:४०

एडिसनकर यांचा मुद्दा आकड्यात मांडते. पाचव्या लेव्हलला स्ट्रेंग्थ १८ असेल तर टॉपलची डीसी ८+४+३ म्हणजे १५. ओगरला सेव्हला अधिक तीन, म्हणजे फाशावर १२ किंवा जास्त हवेत, ५५ टक्के वेळा पडतो, आणि तुमचं पूर्ण डॅमेजही बसलेलं असतं. शव्हची डीसी पण तीच १५, फक्त त्यासाठी एक फटका सोडावा लागतो आणि डॅमेज शून्य. वर शव्हला साइजचं बंधन आहे, तुमच्यापेक्षा एकच साइज मोठा चालतो. टॉपलला ते पण नाही. ओगरला दोघंही पाडू शकतात, पण अजस्र ड्रॅगन फक्त मोलवाला पाडणार, शव्हवाली नुसती बघत बसणार.

पडलेल्याला जवळून मारताना अ‍ॅडव्हान्टेज. ११ हवे असतील तर ५० चे थेट ७५ टक्के होतात, म्हणजे अधिक पाच मिळाल्यासारखं. हवेच २० असतील तर मात्र ५ चे जेमतेम पावणेदहा. म्हणून "अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे सरसकट इतके" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि लांबून बाण मारणाऱ्याला पडलेल्यावर डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोनातला लहान फासा, हे तुमच्या रेंजरने परवा विचारलं होतं का?

अर्धवट_मांत्रिक | मंगळवार, रात्री ९:५२

विचारलं होतं. जरा ओरडूनच.

रायरेश्वर_रिटर्न्स | मंगळवार, रात्री ११:२०

मास्टरीचं तुम्ही बघा, माझं भांडण सरप्राइजशी आहे आणि ते मी इथेच ओतणार.

२०१४ ला दबा धरून हल्ला केला की गाफील शत्रूला पहिल्या टर्नला ना हलता येत ना काही करता येत. आता काय? त्याला फक्त इनिशिएटिव्हला डिसअ‍ॅडव्हान्टेज. गेल्या महिन्यात आम्ही पाऊण तास बसून खिंडीचा प्लॅन केला, दोन्ही बाजूंना माणसं, वर दगड रचलेले, शेवटचा माणूस आत शिरेपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. शत्रूच्या कप्तानाचे दोन फासे १९ आणि १७, घेतले १७, आणि सगळ्यात आधी तोच! त्याने आमच्या वरच्या माणसाला भाला मारला. कुठून मारला? त्याला तर माहितीच नव्हतं आम्ही तिथे आहोत.

१६६१ ला उंबरखिंडीत कारतलबखानाला कोणी इनिशिएटिव्ह टाकू दिला नव्हता हो. गनिमी कावा ज्यांच्या रक्तात आहे त्यांनी हा नियम कसा गिळायचा?

थॅको_आजोबा | बुधवार, सकाळी ९:१०

दिवे घेऊन वाचलं. पण दुसरी बाजूही बघा. २०१४ च्या स्टार्टर सेटमधली पहिलीच लढाई म्हणजे वाटेत दबा धरलेले चार गॉब्लिन, आणि तिथे कित्येकांचे पहिल्या लेव्हलचे विझार्ड स्वतःचा एकही टर्न न खेळता झोपलेत. माझ्या पुतण्याचा झोपला. तो अकरा वर्षांचा होता आणि नाव ठेवायलाच त्याला दोन दिवस लागले होते. कावा आपण करतो तेव्हा गोड वाटतो, आपल्यावर होतो तेव्हा डीएम दुष्ट.

सुमी_सांख्यिकी | बुधवार, दुपारी १:२५

जेवणाच्या सुट्टीत गणित केलं. दोघांचे बोनस सारखे धरले तर, तुमचा एक फासा आणि गाफील शत्रूच्या दोनातला लहान, तो तुमच्या चक्क पुढे जाण्याची शक्यता ३१ टक्के. म्हणजे दहातले तीन कप्तान. पाऊण तासाच्या प्लॅनला हे फारच महाग आहे, रायरेश्वर यांच्याशी सहमत.

लिंबूटिंबू | बुधवार, रात्री १०:०२

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

रायरेश्वर काका, तुम्ही लपला होतात ना? मग तुम्हाला इनिशिएटिव्हला अ‍ॅडव्हान्टेज मिळायला हवा होता. मागे नियमांचा कोश आहे त्यात हाइड (लपणं) बघा, स्टेल्थचा, म्हणजे लपण्याचा, फासा पंधरा किंवा जास्त आला की तुम्ही इनव्हिजिबल धरले जाता. मग त्याच कोशात इनव्हिजिबल बघा, तिथे लिहिलंय की इनव्हिजिबल असताना इनिशिएटिव्ह टाकला तर अ‍ॅडव्हान्टेज. म्हणजे तुमचे दोनातला मोठा आणि त्याचे दोनातला लहान.

सुमी_सांख्यिकी | बुधवार, रात्री १०:३१

अरे हो की! मोठा विरुद्ध लहान धरून परत केलं. ३१ चे थेट १५ टक्के होतात. मी निम्मं गणित केलं होतं, माझा आधीचा प्रतिसाद रद्द समजावा.

रायरेश्वर_रिटर्न्स | बुधवार, रात्री १०:४४

आमच्या डीएमने स्टेल्थ टाकायलाच लावला नव्हता. "अंधार आहे, तुम्ही लपलेलेच आहात" म्हणाला. त्याला हा धागा पाठवलाय.

पण हा नियम आहे का लपंडाव? सरप्राइज एकीकडे, हाइड दुसरीकडे, इनव्हिजिबल तिसरीकडे, आणि झाडामागे बसलेल्या माणसाला इनव्हिजिबल म्हणायचं ही कुणाची अक्कल?

एडिसनकर | बुधवार, रात्री ११:०५

+१. असं का झालं त्यावर माझी एक थिअरी आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून त्यांनी प्लेटेस्ट, म्हणजे करून बघायचे कच्चे नियम, लोकांपुढे टाकली, प्रत्येक तुकड्यावर सर्व्हे, आणि साधारण ७० टक्के लोकांना पसंत पडलं तरच पुढे. त्यात वॉरलॉकचं जादूचं गणितच बदलून बघितलं, लोक ओरडले, मागे घेतलं. ड्रूइडच्या वाइल्ड शेपला (प्राणी व्हायच्या जादूला) प्राण्यांचे ठरावीक साचे देऊन बघितले, मागे घेतले. सगळ्यांच्या मंत्रांच्या फक्त तीन याद्या, त्याही मागे. सगळ्यात आधी तर राक्षसांना क्रिटिकलच (वीस पडल्यावरचा जबर फटका) नाही असं लिहिलं होतं, तेही गेलं. वर जुनी साहसं नव्या नियमात चालली पाहिजेत हे वचन दिलेलं. सगळ्यांना विचारून केलेली आमटी झाली, कुणाला तिखट नाही, कुणाला अळणी नाही, आणि दुसरी वाटी मागावी असंही कुणाला वाटत नाही.

ढाल_तलवार | बुधवार, रात्री ११:३०

पण वेपन मास्टरी त्याच सर्व्हेतून आली ना राव, २०२३ च्या प्लेटेस्टमध्ये. आणि ती टिकली. म्हणजे आमच्यासारखे फायटरवाले बरेच निघाले.

माझ्या दुसऱ्या टेबलवरचा अनुभव सांगतो. तिथे ग्रेटस्वोर्डवाली आहे, तिचं ग्रेझ, फटका हुकला तरी स्ट्रेंग्थचा मॉडिफायर तेवढं डॅमेज. सेव्ह नाही, जास्तीचा फासा नाही, "हुकला, चार दे" इतकंच. तिथे लढाई उलट भराभर संपते. मास्तर, तू मास्टरीला नाव ठेवू नकोस, टॉपलला ठेव. सॅप, ग्रेझ, व्हेक्स यांना कुणाला काही टाकावं लागत नाही. टॉपलच एक असं आहे की दर फटक्याला डीएमचा हात फाशाकडे.

अर्धवट_मांत्रिक | गुरुवार, सकाळी ७:५०

हे बरोबर आहे, मान्य. वेळेचा मुद्दा मी सगळ्या मास्टरीवर ढकलला ते चुकलंच.

पण दुसरा मुद्दा उरतोच. "ते माझं आहे" हे वाक्य. तो नुसता एका नियमाचा दोष नाहीये, नियम छापण्याच्या पद्धतीचा आहे. ज्याला नाव आहे ते दिसतं, ज्याला नाव नाही ते कोशात पडून राहतं. शव्ह तर अनआर्म्ड स्ट्राइकच्या (नुसत्या हाताच्या फटक्याच्या) पोटात तिसऱ्या नंबरला लिहिलाय, कोण वाचणार? नवीन माणसाच्या कल्पनेचे पंख आपण पहिल्याच महिन्यात छाटतोय.

लिंबूटिंबू | गुरुवार, रात्री ९:१८

दादा, आता सांगूनच टाकते, ती पॅलाडिन मीच. या धाग्याची लिंक मला परवाच ढाल_तलवार दादाने पाठवली आणि सॉरी पण म्हणाला, त्यामुळे त्याच्यावर राग नाही.

पण तुम्ही लिहिलंय ना की शीटमुळे मी गप्प झाले, ते तसं नाहीये. पहिल्या तीन रविवारी मी काहीच विचारलं नव्हतं, आठवतंय का? फक्त "हल्ला" म्हणायचे आणि फासा टाकायचे. कारण विचारायचं काय असतं हेच माहीत नव्हतं. तुम्ही म्हणायचात, "तुला हवं ते कर, काहीही करता येतं," आणि ते ऐकून मला अजूनच घाम फुटायचा. मराठी मीडियमच्या पोरीला इंग्लिश निबंधाला "कोणताही विषय" सांगितल्यासारखं. मग दादाने एकदा ओगरला पाडलं तेव्हा डोक्यात आलं की अच्छा, समोरच्याला पाडता पण येतं. म्हणून मी पाय ओढायचं विचारलं. टॉपल बघितलं नसतं तर ते सुचलंच नसतं.

आणि सॅप मला आवडतं. माझा फटका लागला की त्याच्या पुढच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे मी शेजारच्याला वाचवलं असं वाटतं. काल रात्री पूर्ण कोश वाचला. शव्ह पण सापडला. आता लिंबूटिंबू नाही राहिले, नाव बदलायला हवं.

थॅको_आजोबा | गुरुवार, रात्री ९:५५

मास्तर, पोरीने तुमची विकेट काढली.

अर्धवट_मांत्रिक | गुरुवार, रात्री ११:३६

प्रकाटाआ

अर्धवट_मांत्रिक | शुक्रवार, सकाळी ८:१४

काल रात्री एक लांबलचक उत्तर लिहिलं होतं ते उडवलं, त्यात नुसतं स्वतःचं समर्थन होतं. "काहीही करता येतं" हे मी दर नवीन माणसाला सांगतो, मोठ्या मनाने. त्याने घाम फुटतो हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, किंवा जे सोडून गेले ते न सांगता गेले. तसे तिघं गेलेत.

तर आता २०२४ वरच राहतोय. दोन बदल. एक, शव्ह, पकडणं, लपणं, मदत करणं, वस्तू फेकणं, हे सगळ्यांना येतं असं मराठीत एका कार्डावर लिहून लॅमिनेट करून टेबलाच्या मध्ये ठेवणार, भेळेच्या डिशशेजारी. नाव दिल्याने गोष्ट दिसते ना, मग यांनाही नावं देऊ. शव्हला "लोळवणे" लिहिणारे, सूचना चालतील. दोन, टॉपल टर्नला एकदाच. कुठल्या फटक्याला ते फासा बघून ठरवलं तरी चालेल.

रायरेश्वर_रिटर्न्स | शुक्रवार, सकाळी ८:४०

"धोबीपछाड" लिहा. आणि लपण्यासमोर कंसात "फासा टाकायला लावणे" असं ठळक.

सुमी_सांख्यिकी | शुक्रवार, सकाळी ९:०५

टर्नला एकदा धरलं, दोन फटके आणि दोन्ही लागलेले, तर निदान एकदा तरी पडण्याची शक्यता ओगरसाठी ८० वरून ५५ टक्क्यांवर येते. फायटरला पूर्ण आंघोळ घातलेली नाही, चालेल.

ढाल_तलवार | शुक्रवार, सकाळी ९:२०

मान्य. पण अ‍ॅक्शन सर्ज घेतला की दोनदा ना?

अर्धवट_मांत्रिक | शुक्रवार, सकाळी ९:२१

नाही.

ढाल_तलवार | शुक्रवार, सकाळी ९:२१

रविवारी भेळ मी आणतो.

अर्धवट_मांत्रिक | शुक्रवार, सकाळी ९:२६

तरी नाही. तिखट चटणी वेगळी आण, मागच्या वेळी फाशांना लागली होती.